हुबेहूब प्रत तयार झाली, तर त्यांतला ‘मी’ कोणता?

प्रश्न

तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट यांनी १९८४ साली मांडलेला एक विचारप्रयोग काही केल्या डोक्यातून जात नाही. एक यंत्र माझ्या शरीरातील प्रत्येक पेशीची नोंद घेते, मूळ शरीर नष्ट करते आणि त्या नोंदीवरून मंगळावर नव्या द्रव्यातून हुबेहूब शरीर घडवते. इथवर ‘मी मंगळावर पोहोचलो’ असे म्हणायला मन तयार होते. परंतु सुधारित यंत्राने मूळ शरीर शाबूत ठेवले, आणि काही दिवसांतच माझे हृदय बंद पडणार असे मला सांगण्यात आले, तर मंगळावरची प्रत सुखरूप आहे एवढ्याने माझी भीती कमी व्हावी का? मंगळावर जे घडते ते दोन्ही वेळा तंतोतंत सारखेच असताना पहिल्यांदा मी वाचतो आणि दुसऱ्यांदा मरतो, हे कसे?

पहिले उत्तर

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने व्यक्तीची ओळख देहावर किंवा आत्मद्रव्यावर नव्हे, तर जाणिवेच्या सातत्यावर उभी केली. तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९५०च्या दशकात त्यावर आक्षेप घेतला तो असा: आज एखाद्याला सतराव्या शतकातील इंग्रज कटकर्ता गाय फॉक्स याच्या साऱ्या आठवणी आहेत म्हणून तो गाय फॉक्स ठरत असेल, तर त्याच आठवणी त्याच्या भावालाही असू शकतील, आणि दोन माणसे मिळून एकच माणूस होऊ शकत नाही. सातत्याला फाटे फुटू शकतात, ‘तोच असणे’ मात्र एकाच्याच वाट्याला येते. म्हणून पार्फिट म्हणतात की मोल सातत्याचे आहे, ‘तोच’ असण्याचे नाही. प्रत उरत असेल तर आपला मृत्यू जवळजवळ जगण्याइतकाच चांगला. तर्क मला बिनतोड वाटतो, तरीही हृदय बंद पडतानाची वेदना पृथ्वीवरच्यालाच होणार आहे, आणि तिची धास्ती त्याने बाळगणे मला पूर्णपणे रास्त वाटते.

दुसरे उत्तर

काल्पनिक यंत्रापेक्षा खऱ्या रुग्णांकडे पाहावे. तीव्र अपस्मारावर उपाय म्हणून काहींच्या मेंदूच्या दोन गोलार्धांना जोडणारा मज्जातंतूंचा जाड पट्टा छेदला गेला. रॉजर स्पेरी यांना १९८१ साली नोबेल मिळाले ते दोन गोलार्धांच्या स्वतंत्र कार्यावरील संशोधनासाठी. मेंदूशास्त्रज्ञ मायकेल गॅझानिगा यांच्या एका प्रयोगात अशा रुग्णाच्या डाव्या गोलार्धाला कोंबडीचा पंजा दिसला आणि उजव्याला बर्फ. डावा गोलार्ध उजवा हात चालवतो आणि उजवा गोलार्ध डावा; समोरच्या चित्रांतून उजव्या हाताने कोंबडी निवडली, डाव्याने फावडे. कारण विचारताच, बर्फ न पाहिलेल्या पण बोलू शकणाऱ्या डाव्या गोलार्धाने बिनदिक्कत सांगितले की कोंबड्यांचे खुराडे साफ करायला फावडे लागते. येथे जाणिवा किती, एक की दोन? तत्त्वज्ञ थॉमस नेगेल यांनी १९७१ साली सुचवले की असा ठरावीक पूर्णांक कदाचित नसेलच. तसे असेल तर ‘मी उरेन की नाही’ या प्रश्नालाही दरवेळी हो-नाहीत उत्तर असेलच असे नाही.

तिसरे उत्तर

आपल्याकडे हा वाद फार जुना आहे. ‘जे मी डोळ्यांनी पाहिले त्यालाच मी आता स्पर्श करतो आहे’ या प्रत्यभिज्ञेवरून, म्हणजे ‘तोच हा’ अशा ओळखीवरून, नैयायिक (न्यायदर्शनाचे अनुयायी) एकच टिकून राहणारा ज्ञाता सिद्ध करतात. मंगळावरच्या प्रतीला मात्र हीच प्रत्यभिज्ञा, तितक्याच खात्रीने, होईल, म्हणजे आतून येणारी खात्री येथे निर्णायक ठरत नाही. बौद्ध भिक्षू नागसेनाने ग्रीक राजा मिलिंदाला दिलेले उत्तर मला अधिक जवळचे वाटते: रात्रभर तेवणारी ज्योत पहिल्या प्रहरी आणि शेवटच्या प्रहरी तीच नसते, वेगळीही नसते. पण तेथे प्रवाह एकच आहे. फाटा फुटल्यावर धास्ती कोणत्या प्रवाहासाठी बाळगायची, हे त्या उत्तरातून मिळत नाही.

प्रश्नकर्ता

मग यंत्राचे बटण दाबण्यापूर्वीचा क्षण घेऊ. तेव्हा फाटा फुटलेला नाही आणि पुढचे दोघेही माझ्याशी सारखेच जोडलेले आहेत. त्या क्षणी मी पृथ्वीवरच्या वेदनेची धास्ती घ्यावी, की मंगळावरच्या आयुष्याची उत्सुकता बाळगावी, की दोन्ही एकदम?