मदत हवी आहे: नातेवाइकांनी प्रेमाने दिलेल्या, पण बाळाच्या हाती देता न येणाऱ्या वस्तूंचं काय करता?

मंडळी, काय धोक्याचं आणि काय नाही हे बऱ्यापैकी वाचून झालंय. माझं अडलंय ते माणसांपाशी.

लेक दहा महिन्यांची. रांगते, धरून उभी राहते, हाताला लागेल ते तोंडात घालते. मुलगा सहा वर्षांचा. दोन्हीकडून लाड भरपूर होतात आणि त्याबद्दल तक्रार नाही. पण सध्या घरात चार वस्तू अशा आहेत की त्या वापरायला मी तयार नाही, आणि देणारे असे आहेत की "नको" म्हटलं तर पुढची काही वर्षं ते ऐकावं लागेल.

पहिली वस्तू वॉकर. आतेसासूबाईंनी आणलाय. "आमची सगळी याच्यातच चालायला शिकली" हे वाक्य त्याच्यासोबतच आलं. वॉकरमध्ये बसलेलं मूल सेकंदाला ३ फुटांहून जास्त सरकू शकतं. म्हणजे मोठं माणूस शेजारी उभं असलं तरी हात पोचेपर्यंत ते जिन्यापाशी गेलेलं असतं. कॅनडाने तर २००४ पासून वॉकरच्या विक्रीवर बंदीच घातली आहे. चालायला लवकर शिकतात म्हणावं तर तेही नाही. हे सगळं आतेसासूबाईंना सांगायचं कसं? फोनवर रोज "बसवलंस का तिला?" विचारतात, आणि लवकरच राहायला येणार आहेत.

दुसरी, धाकट्या दिराने आणलेला रंग बदलणारा दिवा. दिव्याचं काही नाही, त्याच्या रिमोटचं आहे. पत्त्याएवढा पातळ रिमोट. तळाशी एक खाच, नखाने दाबून ओढलं की सेलसकट कप्पा बाहेर. स्क्रू नाही, काही नाही. आत २० मिलिमीटरचा चपटा लिथियम सेल. तो अन्ननलिकेत अडकला तर ओलाव्यामुळे वीजप्रवाह सुरू होतो, तिथे अल्कली तयार होऊन आतून भाजतं, आणि २ तासांत गंभीर इजा होऊ शकते. दिवा चालेनासा झाला म्हणून काढून ठेवलेल्या सेलमध्येही तेवढा जोर उरलेला असतो. दिराला एवढं म्हटलं तर म्हणाला, "वहिनी, तू फार वाचतेस."

तिसरी, माझ्याच भावाने मुलाला दिलेल्या लोहचुंबकाच्या बारीक गोळ्या. मुलाला प्रचंड आवडल्यात. पण एखादी सोफ्याखाली गेली की ती आधी लेकीलाच सापडणार. एकापेक्षा जास्त गोळ्या पोटात गेल्या तर आतड्याच्या वेगवेगळ्या वेटोळ्यांतून एकमेकींना खेचतात आणि मधली आतडी चिमटून तिला भोक पडतं. भावाला सरळ सांगितलं, तो घेऊन गेला. माहेरी बोलणं सोपं असतं, हे खरंच.

चौथी वस्तू लिहायला जड जातंय. नवऱ्याच्या लहानपणीची लाकडी कॉट सासऱ्यांनी इतकी वर्षं जपली. आता स्वतः घासून, वरून नवा रंग देऊन आणलीये. एक बाजू खाली-वर सरकणारी आहे. अमेरिकेत अशा सरकत्या बाजूच्या कॉट २०११ पासून विकता येत नाहीत, कारण ती बाजू निखळून फट पडते आणि मूल त्यात अडकतं. शिवाय आतला जुना रंग. त्या काळच्या रंगात शिसं असण्याची शक्यता असते, आणि दात येणारी मुलगी कठडाच चावणार. सासरे खोलीत येऊन कॉटवर हात फिरवून जातात. नवरा म्हणतो, "बघू." त्याच्या "बघू"चा अर्थ मला माहीत आहे.

माझं मत विचाराल तर, वस्तू पुढे वयानुसार चालणार असेल तर ठेवून द्यावी, दुरुस्त होणार असेल तर करावी, आणि दोन्ही नसेल तर ती दुसऱ्या कुणाला देऊही नये, कारण तिथेही बाळच असतं. पण देणाऱ्याला काय सांगायचं? खरं सांगावं, की डॉक्टरांच्या नावावर ढकलावं? आणि बोलायचं कुणी, मी की नवऱ्याने?

*

प्रतिसाद: नवऱ्याने. त्याची आत्या, त्याचे वडील. तुम्ही बोललात तर ते "सुनेने नाकारलं" होतं, तो बोलला तर "मुलं हल्ली असंच करतात" एवढ्यावर निभावतं. वॉकरच्या बाबतीत डॉक्टरांचं नाव खुशाल घ्या, बहुतेक बालरोगतज्ज्ञ नकोच म्हणतात. आत्या यायच्या आत वॉकर घरातून गेलेला बरा. डोळ्यांसमोर असला की कुणीतरी "पाचच मिनिटं" म्हणून बसवतंच.

*

प्रतिसाद: माझं थोडं वेगळं. डॉक्टरांच्या आड लपलं की प्रत्येक वेळी नवा डॉक्टर लागतो. मी सासूबाईंच्या हातात टॉयलेट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी दिली आणि सांगितलं, यातून जे आरपार जाईल ते हिला द्यायचं नाही. खेळण्यांच्या तपासणीत तीन वर्षांखालच्या मुलांसाठी जवळपास ३२ मिलिमीटर व्यासाचं नळकांडं वापरतात. पुठ्ठ्याची नळी त्याहून थोडी रुंद, म्हणजे चूक झाली तरी सावधगिरीच्या बाजूला. आता त्याच येणाऱ्या प्रत्येकाचं खेळणं तपासतात आणि मला वाईटपणा घ्यावा लागत नाही. फुटलेल्या फुग्याला मात्र ही नळी उपयोगाची नाही. तो कुठल्याही आकाराचा धोक्याचाच, लगेच उचलायचा.

कॉटचं: गजांमधली फट मोजलीत का? ६ सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल तर धड निसटतं आणि डोकं अडकतं. सासऱ्यांना मोजायला सांगा. हाताने काम करणाऱ्या माणसाला माप पटतं. आणि त्यांनाच विचारा, सरकती बाजू काढून याचा मोठ्या नातवासाठी पुस्तकं ठेवायचा बाक होईल का? भिंतीला पक्का ठोकून. फक्त पुन्हा घासू नका म्हणावं, जुना रंग असेल तर त्याची धूळ जास्त वाईट.

*

प्रतिसाद: दिराला एवढंच सांगा की सेल गिळल्याची लक्षणं सर्दी-खोकल्यासारखी असतात: लाळ गळणं, खोकला, खायला नको म्हणणं. कुणी पाहिलं नसेल तर निदान उशिरा होतं. शंका आली तरी थांबायचं नाही, उलटी करवायची नाही, एक्स-रे निघेल अशा हॉस्पिटलमध्ये थेट जायचं. एक्स-रेत नाण्याला एकच कडा दिसते, सेलला दुहेरी. दिवा बटणावर चालत असेल तर रिमोट टाकून द्या. टाकण्याआधी सेल काढून दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा.

*

धागाकर्ती: सर्वांचे आभार. रिमोटचा निकाल लावला, दिवा बटणावर छान चालतो आणि दिराच्या लक्षातही आलेलं नाही. कॉटची फट सासऱ्यांनीच मोजली, साडेसात सेंटीमीटर निघाली. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "बाक किती उंच पाहिजे?" तर आता त्याचंच विचारते: सहा वर्षांच्या मुलाला बाकाची उंची किती ठेवावी? आणि तो भिंतीला ठोकताना, भिंत विटांची नसून पोकळ असेल तर काय वापरता? आतेसासूबाईंशी नवरा बोलणार आहे. बघू म्हणालाय.