किशोर गटासाठी मुलाचं वजन उतरवायचं का? (कबड्डी, चिपळूण)

वाशिष्ठीकाठ
मुलगा पंधरा वर्षांचा, नववीत. डाव्या कोपऱ्यात पकडीला खेळतो. किशोर गटाला वय सोळाच्या आत आणि वजन ५५ किलोच्या आत लागतं. हा ५८ वर गेलाय. गावच्या क्रीडामंडळाचे सर म्हणतात, निवड चाचणीपर्यंत तीन किलो उतरव, तू असलास की चषक आपलाच. तिकडे तालुक्याला एक क्रीडाशिक्षक सराव घेतात, ते त्याला वरच्या कुमार गटाच्या पोरांत घ्यायला तयार आहेत. पण तो संघ जाईल तिथे पहिल्या फेरीत हरतो. मंडळात निम्मी आमचीच भावकी, नाही कसं म्हणायचं? कुठे पाठवू?

अलिबागचा चढाईवाला
ताई, आधी वजनाचं. पाणी तोडायचं, जर्किन घालून भर उन्हात धावायचं आणि काट्यावरून उतरल्या उतरल्या वडापाव कोंबायचा, हे प्रकार आमच्याकडेही चालतात. मग दुसऱ्या डावात पोराच्या पोटरीत गोळे येतात. वाढत्या अंगाचं पोर आहे, वजन वाढणारच. आणि सोळा उलटली की किशोर गट तसाही संपला. तेव्हा कुमार गटात जायचंच आहे, तर उपाशी राहून कशाला?

दापोलीची आई
वजनाबद्दल सहमत, पण हरणाऱ्या संघाचं फार कौतुक नको. बाद पद्धतीच्या स्पर्धेत पहिल्या फेरीत हरलात की दिवसभराचा प्रवास करून एकच सामना. जिंकणारा संघ त्याच मैदानावर चार-पाच सामने खेळतो. सामने खेळल्याशिवाय मूल शिकणार कसं?
दहावीच्या सवलतीच्या गुणांसाठी मंडळात ठेवत असाल, तर गावच्या चषकाचं प्रमाणपत्र तिथे चालत नाही. शालेय किंवा मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धाच धरतात.

पीटीचे सर
दापोलीच्या ताईंचा मुद्दा बरोबर, फक्त संघ किती सामने खेळला यापेक्षा तुमचा मुलगा किती खेळला ते बघा. बारा जणांच्या संघात मैदानात सात. उरलेले पाच कधी उतरतात? आघाडी असतानाही तेच सात खेळत असतील, तर बाकड्यावरची पोरं फक्त पाणी द्यायला नेलीत.
दुसरं, कोपरारक्षकाला सर काय ओरडून सांगतात ते ऐका. चषकाच्या मागे लागलेले मार्गदर्शक म्हणतात, "हात घालू नको, चढाईवाल्याला रिकामा जाऊ दे." गुण वाचतो, पण पोराला पकड येत नाही. समोर सहा-सात जण असले की चढाईपटू बोनससाठी, म्हणजे मागच्या रेषेपलीकडे पाय टाकून मिळणाऱ्या जादा गुणासाठी, पाय लांबवतो, त्याच क्षणी घोटा धरायचा असतो. ती वेळ दहादा चुकल्याशिवाय साधत नाही. किशोर गटात तुमचा मुलगा ताकदीवर निभावून नेत असेल. कुमार गटात नुसत्या ताकदीवर गेला तर चढाईपटू त्याला ओढत मध्यरेषेपार नेईल, मग आपोआप शेजारच्या मध्यरक्षकाचा हात धरून साखळी करायला शिकेल.

देवगडकार
माझो झील ह्याच वयात मोठ्या पोरांत गेलो. पयलो हंगाम नुसतो मार खाल्ल्यान. पण खेळ सोडूक नाय, ह्या महत्त्वाचा. लहान गटात चषक जिंकलेली त्याची दोस्तमंडळी आता मैदानार दिसनत नाय.

वाशिष्ठीकाठ
आभार सगळ्यांचे. काल मंडळात जाऊन बसले. वजन उतरवणार नाही असं स्पष्ट सांगितलं. दीर जरा फुगलेत, फुगू देत. मुलगा तालुक्याला सराव करेल, आणि मंडळाचा कुमार संघ उभा राहिला तर शिमग्याच्या स्पर्धांना त्यांच्याकडून खेळेल. पीटीचे सर, तुमचं ऐकून मे महिन्यात बघितलेला मंडळाचा सामना आठवला, बाकड्यावरची पाचही पोरं शेवटपर्यंत तिथेच होती. आता पावसाळ्याचं काय? मैदानाचा चिखल होतो आणि निवडीचे सामने मॅटवर. जवळपास छपराखाली कुठे सोय होईल?

पीटीचे सर
सावर्ड्याजवळ डेरवणचं क्रीडासंकुल आहे, तिथे फोन करून विचारा. दरवर्षी तिथे वयोगटांच्या स्पर्धा भरतात. एकट्याने जाऊ नका, तालुक्याच्या सरांना अख्खा संघ घेऊन जायला सांगा. आणि मॅटचे बूट आत्ताच मोठ्या मापाचे घेऊ नका, सैल बुटात घोटा मुरगळतो.