अनुभव धागा: शेवट ठाऊक असलेल्या अंतराळ-युद्धकथा

नवखा शिपाई, करडा सार्जंट, वेढा पडलेलं शहर, संपत आलेला दारूगोळा आणि काही झालं तरी पडू द्यायची नाही अशी एक चौकी. वॉरहॅमर ४०,००० (टेबलावर मांडायचा युद्धखेळ), स्टार वॉर्स (सिनेमे) किंवा हेलो (व्हिडिओ गेम) यांच्या विश्वातली सैनिकी कादंबरी उघडली की यातलं बहुतेक भेटतंच. तरी मी ती मन लावून वाचतो. गोष्ट कुठे जाणार हे ठाऊक असलं की त्यातल्या माणसांकडे नीट बघता येतं, असं माझं मत. विदर्भातल्या खेड्यांतून ही पुस्तकं वाचणारे आपण थोडेच असू. कुठे, कधी वाचता आणि काय आवडतं, ते सविस्तर लिहा.

वरुड तालुका, संत्र्याची बाग
आंबिया बहाराचा फुलोरा यावा म्हणून झाडांना दिलेला पाण्याचा ताण आम्ही जानेवारीत तोडतो. ओलिताची लाईन रात्रपाळीची असली की वावरातच थांबावं लागते. स्टार्टरजवळ खाट, अंगावर ब्लँकेट, हातात मोबाईल. एका झाडाचं आळं भरेस्तोवर दोन पानं होतात, मग उठून पाणी पुढं वळवायचं. डॅन अ‍ॅबनेटची 'गॉन्ट्स घोस्ट्स' ही वॉरहॅमरची मालिका (पहिलं पुस्तक १९९९चं) मी अशीच वाचली. टॅनिथ ग्रहावर पलटण उभी राहते त्याच दिवशी शत्रू तो ग्रह संपवतो. कमिसार (पलटणीला शिस्तीत ठेवणारा अधिकारी) गॉन्ट वाचवता येतील तेवढे जवान घेऊन निघतो. आपल्याला घरासाठी लढू दिलं नाही, हा राग ते जवान त्याच्यावर धरून बसतात. पुढं खंदक, छापे, वेढे येत राहतात आणि माझ्या डोक्यात ते एकमेकांत मिसळून जातात. पण डोकं ठणकत असताना नेम धरणारा लार्किन आणि एवढी मोठी बंदूक घेऊनही नेम चुकणारा धिप्पाड ब्रॅग, हे दोघं घरच्यासारखे झाले आहेत.

देसाईगंज
वरुडच्या दादांनी एक गोष्ट सोडली. टॅनिथवरची झाडं जागा बदलतात, जंगलातल्या वाटा आज आहेत तशा उद्या नसतात, म्हणून तिथल्या माणसाची दिशा कधी चुकत नाही. पुढच्या सगळ्या युद्धांत हीच त्यांची खरी ताकद. मोहफुलं वेचायला पहाटे अंधारात निघणारी माणसं पाहत मोठा झालो, त्यामुळं मला हे लगेच पटलं.

गोष्टीच्या ठरलेल्या साच्याचं म्हणाल तर धान निघालं की आमच्या झाडीपट्टीत रात्ररात्र नाटकं चालतात. खलनायक कोण ते पहिल्या अंकातच कळते, तरी थंडीत लोक पहाटेपर्यंत हलत नाहीत. तो प्रसंग आज कसा रंगला, हे त्यांना बघायचं असते. मी ही पुस्तकं तशीच वाचतो.

चिखली, निवृत्त जवान
पायदळात होतो. ही पुस्तकं मुलानं दिली. ग्रह आणि याने मला फारशी कळत नाहीत, पण वाट बघणं कळतं. हुकूम येतो, बदलतो, पुन्हा पहिलाच येतो. जोडे ओले, चहा गार. चांगला लेखक लढाईच्या आधीचा हा तास नीट लिहितो. लेझगनची, म्हणजे तिथल्या शिपायाच्या लेझर बंदुकीची, बॅटरी उन्हात चार्ज होते, अगदीच अडलं तर विस्तवात टाकूनही काम भागतं. हे वाचून वाटलं, लिहिणाऱ्याला शिपाई कळलाय. एक मात्र सहन होत नाही. मागे सरणाऱ्या जवानाला त्याच्याच कमिसारनं गोळी घालायची, ही त्या विश्वातली रीत. गॉन्ट सहसा त्या वाटेला जात नाही, म्हणून तो मला आवडतो.

मेळघाटच्या पायथ्याशी, परिचारिका
काकांचं वाचून छान वाटलं. मी स्टार वॉर्सवाली. गावात नेटवर्कचा भरवसा नाही, परतवाड्याला गेले की पुस्तकं उतरवून आणते. रात्रपाळीत वॉर्ड शांत असला तर वाचते. एक्स-विंग ही लढाऊ यानांच्या वैमानिकांची मालिका मायकल स्टॅकपोलनं १९९६मध्ये सुरू केली, पण माझा जीव जडला तो अ‍ॅरन ऑलस्टनच्या रेथ स्क्वॉड्रनवर. इतरांनी नको म्हटलेले वैमानिक वेज अँटिलीस एकत्र करतो. प्रत्येकाचं काहीतरी बिनसलेलं, आणि त्यांना सांभाळणं हेच त्याचं अर्धं काम. २०१४मध्ये ही जुनी पुस्तकं 'लेजंड्स' ठरवून मुख्य कथेबाहेर काढली, तेव्हा फार वाईट वाटलं. ही माणसं माझ्यासाठी घडलेलीच आहेत.

यवतमाळ
मला मात्र कंटाळा आला. वॉरहॅमरचा खेळ १९८७पासून चालू आहे, तो चालू ठेवायचा म्हणून युद्ध संपत नाही. मग जीव काहून गुंतवायचा?

धागाकर्ता
भाऊ, युद्ध संपत नाही हे खरं. पण गॉन्टच्या पलटणीतली जवळची माणसं मरतात आणि परत येत नाहीत. नावं सांगत नाही, कुणाचं वाचन चालू असेल.

हेलोवर अजून कुणी लिहिलं नाही. एरिक नायलंडचं 'द फॉल ऑफ रीच' ऑक्टोबर २००१मध्ये, पहिला खेळ यायच्या दोनेक आठवडे आधी आलं. रीच हा ग्रह पडणार हे नावातच सांगून टाकलेलं, तरी सैनिक बनवायला लहानपणीच उचलून आणलेल्या मुलांचं प्रशिक्षण वाचताना माझ्या पोटात गोळा आला होता. वाचलं असेल त्यांनी जरूर लिहा.