खोऱ्यातल्या गावांना धुराचे नियम जास्त कडक हवेत

तळवट:
मोकळ्या, वाऱ्याच्या गावाला आणि डोंगरांनी वेढलेल्या गावाला धुराची एकच मर्यादा लावणं मला साफ चुकीचं वाटतं. एरवी जमिनीलगतची हवा तापते, वर चढते आणि धूरही सोबत नेते. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री जमीन झपाट्याने निवते. तिच्यालगतची हवा गार आणि जड होते, उतारांवरची गार हवाही खाली येऊन साचते आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं. उन्हाळी दुपारी जो धूर दीड-दोन किलोमीटर उंचीपर्यंत मिसळतो, तोच अशा पहाटे शे-दोनशे मीटरमध्ये कोंडतो. गाड्या तेवढ्याच, भट्ट्या तेवढ्याच, पण छातीत जाणारं विष कितीतरी पट.

अमेरिकेतल्या डोनोरा या खोऱ्यातल्या गावावर ऑक्टोबर १९४८ मध्ये असं झाकण काही दिवस बसून राहिलं. जस्ताच्या कारखान्याचा धूर गावातच राहिला आणि २० माणसं गेली. तोच कारखाना कित्येक वर्षं तसाच धूर सोडत होता.

उघडं_आभाळ:
पूर्ण असहमत. भूगोलाकडे बोट दाखवलं की मालक सुटतो. डोनोरात हेच झालं; कंपनीने त्याला दैवी आपत्ती म्हटलं. खोरं तिथे युगानुयुगं होतं, माणसं मेली ती जस्त वितळवायला लागल्यावर. लंडन तर चिंचोळ्या दरीत नाही. तरी डिसेंबर १९५२ च्या धुरक्यात तिथे हजारो लोक गेले. १९५६ मध्ये कायदा आला, घरोघरी जळणारा कोळसा कमी होत गेला आणि तसं धुरकंही गेलं. थेम्स जिथे होती तिथेच आहे.

तळवट:
लंडनचा दाखला माझ्याच बाजूचा आहे. त्या कायद्याने धूर-नियंत्रणाचे विभाग आखायची मुभा दिली, म्हणजे जागा पाहूनच नियम. धूर माणसाचाच, हे मी नाकारत नाही. तो किती सोडला तर जीव जातो, ते मात्र हवा ठरवते.

दुपारचं_ऊन:
दोघेही हिवाळ्यातच अडकलात. लॉस एंजेलिसमध्ये समुद्रावरची गार हवा खाली, उबदार हवा वर आणि मागे डोंगर, अशी कोंडी उन्हाळ्यातही होते. त्यात कडक ऊन गाड्यांच्या धुरापासून ओझोन बनवतं. डोळे चुरचुरतात, दम लागतो. हिवाळ्यापुरते कडक नियम केले तर हा त्रास कोण मोजणार? आणखी एक. पावसाळ्यात सरी धूळ धुऊन नेतात, तेव्हाचे आकडे जानेवारीशेजारी ठेवून ‘हवा सुधारली’ असं जाहीर करणं थांबलं पाहिजे. जानेवारीची तुलना जानेवारीशीच व्हावी.

उघडं_आभाळ:
हे पटलं. पण मूळ मुद्दा सुटत नाही. वाऱ्याच्या गावाला सवलत दिली की धूर शेजाऱ्याच्या अंगणात. ब्रिटनने उंच धुराडी बांधली, स्वतःची हवा हलकी केली आणि आम्लवर्षाव स्कँडिनेव्हियातल्या तळ्यांवर झाला. तिथले मासे मेले. म्हणून म्हणतो, मर्यादा सगळीकडे एकच आणि कडक.

तळवट:
सवलत मी मागितलेलीच नाही. किमान मर्यादा सर्वांना सारखी, खोऱ्यात तिच्यावर भर. कोंडीचा अंदाज हवामान खातं एक-दोन दिवस आधी देऊ शकतं. त्या दिवशी भट्ट्या संध्याकाळपासून सकाळी ऊन चढेपर्यंत बंद ठेवा, कचरा जाळणं तर पूर्णच बंद.

उघडं_आभाळ:
आणि त्या पाळीची मजुरी बुडते, तिचं काय? भट्टीवरचा माणूसही त्याच खोऱ्यात राहतो.

तळवट:
मजुरी मालकानेच द्यायची, आणि परवाना देतानाच ती अट घालायची. खोऱ्यात कारखाना टाकताना हिवाळा येणार हे त्याला माहीत असतं.