'मानवरहित फाटक' म्हणजे नेमकं कोणतं?

अनुवादिनी: ब्रिटिश रेल्वेवरचा मजकूर मराठीत आणतेय. तिथल्या एका प्रकारात फाटकावर माणूस नसतो. गाडी जवळ आली की ट्रॅक सर्किटमुळे, म्हणजे रुळांवरची गाडी ओळखणाऱ्या विजेच्या जोडणीमुळे, दिवे लागतात आणि दांडे आपोआप खाली येतात. मी 'मानवरहित फाटक' लिहिलं. तपासणाऱ्यांनी विचारलं, "म्हणजे जिथे दांडाच नसतो ते?"

सिग्नलवाला: त्यांची शंका रास्त आहे. आपल्याकडे मानवरहित म्हणजे ना गेटमन ना दांडा, नुसती पाटी. ब्रॉडगेजवरची तशी फाटकं जानेवारी २०१९पर्यंत हटवली, पण शब्दाला तोच अर्थ चिकटलाय. तुमचं ते 'स्वयंचलित'. तिथे दांडा अर्धाच रस्ता अडवतो, रुळांवर असलेल्या वाहनाला बाहेर पडता यावं म्हणून.

शब्दवेडा: दांड्याला फाटक म्हणणंच चूक. 'अडसर' हा अस्सल शब्द असताना 'अर्धा अडसर' का नको?

सई: फाटक 'फाट्या'वरून आलं असावं ना? रस्ता फुटतो तिथे?

शब्दवेडा: रस्ता तिथे फुटत नाही, रुळांना छेदतो. आणि वाड्यांना फाटकं रेल्वेच्या आधीपासून होती.

अनुवादिनी: दुसरा पेच. एका प्रकारात कर्मचारी कॅमेऱ्यात फाटक मोकळं पाहूनच सिग्नल देतो. दुसऱ्यात चालकाला लुकलुकता पांढरा दिवा दिसावा लागतो. दोन्हींना 'देखरेख'च म्हणू?

सिग्नलवाला: दुसऱ्यात देखरेख नाही, खातरजमा आहे. रस्त्यावरचे दिवे चालू आहेत एवढंच तो दिवा सांगतो. रूळ मोकळा आहे का ते चालकानेच पाहायचं. आपल्याकडे इंटरलॉक, म्हणजे सिग्नलशी जखडलेलं, गेट उघडं असेल तर सिग्नल मिळतच नाही. इंटरलॉक नसेल तिथे स्टेशनमास्तर फोन करतो, गेटमन फाटक लावून प्रायव्हेट नंबर, म्हणजे खात्रीचा खुणेचा आकडा, देतो. तीही खातरजमाच, पण माणसाच्या शब्दावर.

शब्दवेडा: इंटरलॉकला 'अंतर्पाशित' म्हणा की.

सिग्नलवाला: तो हिंदी कागदांवरचा. एकाही गेटमनच्या तोंडी मी ऐकला नाही, आणि जीव त्यांच्या हातात असतो. त्यांना न कळणारा शब्द मी वापरणार नाही.

सई: तुम्ही 'फाटक लावून' म्हणालात! आई 'फाटक लागलं' म्हणायची, आम्ही 'गेट पडलं' म्हणतो. ढकलून लावायची फाटकं जाऊन दांडे आले, तेव्हा क्रियापद बदललं असेल.

शब्दवेडा: 'लागलं' आजही बरोबर. दार लागतं, तसंच फाटक.

अनुवादिनी: पण अर्धाच रस्ता अडतो, त्याला 'लागलं' कसं म्हणायचं?

सई: म्हणूनच 'पडलं'.

शब्दवेडा: अर्धं दार लोटलं तरी ते दारच पडतं का?