झोखॉथरचा पूल आणि आपलं म्यानमार धोरण

टोटल_स्टेशनवाला

मंडळी, मी सर्व्हेअर, मूळचा तासगावचा. २०२१ ते २०२३ मिझोरामात चंफाईकडे रस्त्याच्या कामावर होतो. झोखॉथरला तिआऊ नदीवर पूल आहे, पलीकडे म्यानमार. नदी म्हणायची एवढंच. उन्हाळ्यात पँट दुमडून पार होते.

१ फेब्रुवारी २०२१ ला तिकडे लष्कराने सत्ता घेतली आणि महिन्याभरात माणसं यायला लागली. आमच्या घरमालकीणबाईंनी मला मागची खोली रिकामी करायला लावली. पाहुणे आलेत म्हणाल्या. चिन लोक, म्हणजे पलीकडच्या डोंगरातली, मिझोंच्याच नात्यातली जमात, त्यांच्या आईकडचे. माझे ट्रायपॉड खाटेखाली गेले. तिकडे बायका रोज भात शिजवताना मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात. बाईंचा तो डबा त्या वर्षी चर्चपर्यंत पोचलाच नाही, मागच्या खोलीतच संपायचा.

१० मार्चला केंद्रीय गृहखात्याचं पत्र आलं: लोंढा थोपवा, निर्वासित ठरवायचा अधिकार राज्याला नाही. आठ दिवसांनी मुख्यमंत्री झोरामथांगांनी पंतप्रधानांना लिहिलं की ही आमची रक्ताची माणसं, आम्हाला हे मान्य नाही. २७ मार्चला म्यानमारच्या सेनादिनाच्या संचलनाला आपला लष्करी प्रतिनिधी हजर होता. त्याच दिवशी त्या देशात शंभरावर माणसं गोळ्या घालून मारली. मी ती बातमी ओट्यावर बसून फोनवर बघत होतो, आत त्या पाहुण्यांचं पोर जेवत होतं.

मग नोव्हेंबर २०२३. चिन बंडखोरांनी पलीकडचे तळ घेतले, आणि त्याच नदीतून म्यानमारचे सैनिक पळून अलीकडे आले! त्यांना आपण विमानाने परत पोचवलं.

सीमा शांत राहावी म्हणून ज्यांच्याशी जुळवून घेतलं, त्यांनाच ती सांभाळता येत नाही. मग आपण मिळवलं काय? जाणकारांनी सांगावं. पूर्वेकडच्या देशांशी जवळीक वाढवायचं ते सरकारी 'ॲक्ट ईस्ट' धोरण पाठ करून सांगू नका.

फौजी_वाईकर

सर्व्हेअरसाहेब, मी १९९५ ला मिझोरामात होतो. 'गोल्डन बर्ड' ऐकलंय का? बांगलादेशच्या किनाऱ्यावरून हत्यारं घेऊन ईशान्येकडे निघालेल्या अतिरेक्यांच्या टोळीला दोन्ही देशांच्या फौजांनी मिळून कोंडीत पकडलं होतं. ऐन वेळी दिल्लीने तिथल्या लष्कराच्या विरोधातल्या लोकशाहीवादी नेत्या आँग सान सू ची बाईंना नेहरू पुरस्कार जाहीर केला आणि पलीकडचे ढिले पडले. निदान आमच्यात तरी सगळे असंच सांगतात. निम्मी टोळी निसटली की नाही ते सोडा, धडा मिळाला.

जून २०१५ ला मणिपुरात चांदेलला अतिरेक्यांच्या हल्ल्यात १८ जवान गेले. ते करणाऱ्यांचे तळ पलीकडे होते. मे २०२० मध्ये म्यानमारने २२ अतिरेकी विमानात घालून आपल्या ताब्यात दिले, ते फुकट नाही दिले. कुणाशी तरी चहा प्यावाच लागतो. माणुसकी दिल्लीने दाखवायची आणि हिशेब आमच्या पोरांनी चुकवायचा, हे जमणार नाही.

थिबा_पॅलेसच्या_मागे

आमच्या रत्नागिरीत ब्रह्मदेशचा राजा थिबा मरेपर्यंत, म्हणजे १९१६ पर्यंत, नजरकैदेत होता. आणि १९०८ ते १९१४ रत्नागिरीत जन्मलेले टिळक मंडालेच्या तुरुंगात! इंग्रजांच्या लेखी दोन्ही गोष्टी 'सुरक्षा'च. हे थोडं अवांतर.

मुद्दा जॉर्ज फर्नांडिसांचा. ते संरक्षणमंत्री असताना सरकार रंगूनच्या लष्कराशी संबंध वाढवत होतं, आणि ह्यांच्या दिल्लीतल्या सरकारी बंगल्याच्या आवारात ब्रह्मी लोकशाहीवादी विद्यार्थी राहत होते. ढोंग म्हणा हवं तर. मला ती सोय वाटते. एक दार लष्करासाठी, एक परसदार बाकीच्यांसाठी.

कायद्याचंही तसंच. १९५१ च्या निर्वासित करारावर आपली सही नाही. पण जगण्याचा हक्क देणाऱ्या घटनेच्या कलम २१ मध्ये 'व्यक्ती' आहे, 'नागरिक' नाही. त्यावरच मे २०२१ मध्ये मणिपूर उच्च न्यायालयाने म्यानमारच्या सात जणांना दिल्लीला संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयात जाऊ दिलं. त्यात पत्रकारही होते.

कटिंग_चाय

ज्यांच्या नावाने एवढं रडायचं त्या सू चीच २०१९ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाऊन रोहिंग्यांच्या खटल्यात लष्कराची बाजू मांडून आल्या. चालू द्या.

टोटल_स्टेशनवाला

कटिंगभाऊ, मान्य. पण मागच्या खोलीतलं पोर हेगला गेलं नव्हतं.

फौजीकाका, तुमच्या १९९५ ला माझ्याकडे उत्तर नाही. तिथे मी नव्हतो, तुम्ही होतात. फक्त एवढंच, तेव्हा आणि २०२० लाही समोरच्याच्या हातात जमीन होती. आता बघा. जानेवारी २०२४ मध्ये आणखी २७६ सैनिक मिझोरामात पळून आले. त्यांच्यातल्या शेवटच्यांना न्यायला आलेलं विमान मिझोरामच्या लेंगपुई विमानतळाच्या धावपट्टीवरून घसरलं, ते सांगायला घरमालकीणबाईंचा फोन आला होता. हसत होत्या. त्याच महिन्यात कलादान प्रकल्पाच्या, म्हणजे म्यानमारमधून मिझोरामपर्यंत माल आणायच्या भारताच्या मार्गाच्या, वाटेवरचं पलेत्वा गाव आराकान आर्मी या बंडखोर फौजेने घेतलं. आपला सगळा मालरस्ता तिथून जायचा.

म्हणजे आता चहा प्यायचा तर नवीन माणसांबरोबर. त्यांच्याकडे आपली ओळख कुठली? संचलनातली खुर्ची तर नाहीच. रत्नागिरीच्या ताई म्हणतात ते परसदार दिल्लीने नाही, बाईंच्या तांदळाच्या डब्याने उघडं ठेवलं, तेही दिल्लीच्या पत्राविरुद्ध.

तर फेब्रुवारी २०२४ ला जाहीर झालं की दोन्हीकडच्या लोकांची १६ किलोमीटरपर्यंतची मुक्त ये-जा बंद आणि १,६४३ किलोमीटर सीमेला कुंपण. मला जुन्या साहेबांचा फोन आला. आखणीसाठी तो भाग पाहिलेला सर्व्हेअर हवाय, पैसे चांगले आहेत. बाईंना अजून सांगितलेलं नाही. साहेबांना सोमवारपर्यंत कळवतो म्हटलंय.