झोर्की-४: रोल खरंच पुढे सरकतोय हे झाकण लावल्यावर कसं ओळखायचं?

तापीकाठ (शहादा)

कॅमेरा झोर्की-४ (जुना सोव्हिएत, ३५ मिमी फिल्मचा), ज्युपिटर-८ लेन्स. शटर ठीक आहे, रेंजफाइंडरही (फोकस जुळवायची यंत्रणा) जुळतो. अडचण फक्त रोल भरण्याची. गुंडाळणारा स्पूल सुटा असल्यामुळे झाकण बसवेपर्यंत लीडर (फिल्मचं सुरुवातीचं अरुंद टोक) सैल पडतो, कधी दोन-तीन फ्रेमनंतर निसटतो. फ्रेम मोजणारा काउंटर मात्र पुढे जातच राहतो. डिसेंबरात सारंगखेड्याच्या यात्रेत घोडेबाजाराचे फोटो काढायचे आहेत, ४०० आयएसओचा ब्लॅक अँड व्हाइट, ३६ चा रोल. लीडर कापून लांब करावा लागतो असं वाचलं, ते याही कॅमेऱ्याला लागू आहे का?

रीळवाला (जळगाव)

नाही. ती भानगड खालून रोल भरायच्या कॅमेऱ्यांची: झोर्की-१, फेड-१, जुन्या स्क्रू माउंटच्या लायका. तिथे फिल्म अरुंद फटीतून वर सारावी लागते आणि पूर्ण रुंदीची कड मध्येच अडते, म्हणून लीडरची अरुंद जीभ साधारण १० सेंमी लांब कापतात. झोर्की-४ चं मागचं झाकण तळासकट निघतं, त्यामुळे रोल येतो तसाच चालतो. टोक दुमडलेलं किंवा फाटलेलं असेल तर तेवढं कात्रीने सरळ कापा. हाताने फाडू नका, तुकडा शटरमध्ये गेला तर शटरचा पडदा अडकतो.

लीडर निसटतो कारण तो स्पूल कॅमेऱ्यात असतानाच अडकवला जातो. आधी स्पूल बाहेर काढून हातात घ्या. लीडर क्लिपखाली पूर्ण आत सरकवा आणि त्याची कड स्पूलच्या चकतीला समांतर ठेवा. इथे जरा तिरका गेला की फिल्म तिरकीच चढते आणि पुढे भोकं फाटतात. अंगठ्याने एक वेढा घट्ट बसवा. मग रोलची डबी आणि स्पूल दोन्ही एकदम आत ठेवा. डबीचं बाहेर आलेलं टोक खाली, सपाट बाजू रिवाइंड नॉबकडे (रोल परत डबीत गुंडाळायचा तो नॉब). हे करताना बोट पडद्याला लागू देऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं: घाईने झाकण लावू नका. लीडरच्या अरुंद भागाला एकाच कडेला भोकं असतात, म्हणजे सुरुवातीला फिल्म तिला ओढणाऱ्या चाकाच्या एकाच बाजूच्या दात्यांवर चालते. झाकण उघडं ठेवूनच वाइंड करा (नॉब फिरवून फिल्म पुढे सरकवा), शटर दाबा, गरज पडली तर पुन्हा वाइंड करा. फिल्म पूर्ण रुंदीला आली आणि वरचे-खालचे दोन्ही दाते भोकांत बसलेले दिसले की मगच झाकण. यात फार तर एखादी फ्रेम जाते, जाऊ द्या.

झाकणानंतर रिवाइंड नॉब बाणाच्या दिशेने हलकेच फिरवा, हाताला ताण लागला की थांबा. आता प्रत्येक वाइंडला हा नॉब उलटा फिरला पाहिजे. त्याच्या कडेला नेलपॉलिशचा बारीक ठिपका लावा, फिरणं लगेच दिसतं. काउंटरवर विसंबू नका, तो वाइंडिंग नॉबबरोबर फिरतो, आत रोल नसला तरी. दोन कोऱ्या फ्रेम गेल्या की काउंटर हातानेच शून्यावर आणायचा.

आणि शटर स्पीड वाइंड केल्यानंतरच बदला. आधी बदलला तर यंत्रणा बिघडते.

यावल रोड (भुसावळ)

वर सगळं आलंय, मी फक्त धूळ आणि उन्हाचं सांगतो. घोडेबाजारात टापांची धूळ सतत उडते. डबीच्या तोंडाला मखमल असते, तिच्यात एक कण अडकला तरी अख्ख्या फिल्मवर आडवा सरळ ओरखडा येतो. रोल बाजाराबाहेर, आडोशाला, उन्हाकडे पाठ करून स्वतःच्या सावलीत बदला. डब्या झाकणबंदच ठेवा.

रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आरसा नसतो. लेन्स उघडी, फोकस अनंतावर आणि कॅमेरा सूर्याकडे तोंड करून राहिला, तर शटरच्या कापडी पडद्याला जळून बारीक भोक पडतं. गळ्यात कॅमेरा असताना लेन्सवर कॅप हवीच. पण कॅप लावलेली असली तरी व्ह्यूफाइंडरमधून सगळं लख्ख दिसतं, तेव्हा फोटो काढण्याआधी बोट लेन्सवर न्यायची सवय लावून घ्या.

डिसेंबरात ठीक, पण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा रोल गाडीच्या डिकीत ठेवू नका. फ्रीजमध्ये बंद डब्यात ठेवा आणि बाहेर काढल्यावर तास-दीड तास थांबून मगच डबा उघडा, नाहीतर फिल्मवर दव धरतं. कोरड्या हवेत रिवाइंड सावकाश करा. भरभर केलं तर स्थिर विजेच्या ठिणग्या उमटतात.

कडक ऊन असेल तर ४०० आयएसओच्या रोलला १/५०० आणि एफ/१६ पासून सुरुवात करा.

डार्करूम (धुळे)

रोल संपल्यावरची खूण: रिवाइंड करताना सुरुवातीपासून ताण लागतो आणि शेवटी लीडर स्पूलवरून सुटला की नॉब एकदम हलका होतो. पहिल्या दोन-चार वेढ्यांतच हलका झाला, तर फिल्म पुढे गेलेलीच नव्हती. तो रोल धुवायला देऊ नका, कोराच आहे, पुन्हा भरा.

धुतल्यावर कोरा निघाला तर फिल्मच्या कडेला कारखान्यातच उमटवलेले आकडे बघा. आकडे दिसत असतील तर धुलाई बरोबर आहे, फिल्मवर उजेडच पडला नाही: रोल सरकला नाही, कॅप राहिली किंवा शटर उघडलं नाही. आकडेही नसतील तर दोष डेव्हलपिंगचा. सगळी काळी असेल तर उजेड लागलाय.

शेवटच्या फ्रेमला वाइंडिंग नॉब अडला की जोर लावू नका. फिल्म डबीतून उपटली गेली तर रिवाइंड होणार नाही. मग रात्री पूर्ण अंधाऱ्या खोलीत झाकण काढून ती हाताने गुंडाळावी लागते आणि काळ्या डबीत बंद करून लॅबला तसं सांगावं लागतं.

तापीकाठ (शहादा)

ठिपका लावला. झाकणानंतर पहिल्या वाइंडला रिवाइंड नॉब हलला नाही, दुसऱ्याला पाव वेढा फिरला. रोल ठीक बसलाय ना?

रीळवाला (जळगाव)

डबीत ढील होती, पहिल्या वाइंडला तीच खेचली गेली. आता पुन्हा बाणाच्या दिशेने ताण घ्या आणि तिसऱ्या वाइंडला बघा. लगेच फिरला तर काढा फोटो. नाही फिरला तर सावलीत झाकण उघडा, सुरुवातीची एक-दोन वीत फिल्म वाया जाईल, बाकीची डबीत शाबूत असते.